ओझं कुणाचं आणि उचलायचं कुणी?

ताई, सलाम.

(बघा, ‘नमस्कार’ जाऊन ‘सलाम’ आला. नगरला आल्यापासून एवढं तरी शिकले.)

मी वसईची, कॅथलिक. गेल्या जानेवारीत लग्न होऊन नगरला आले. सासर प्रोटेस्टंट, आजेसासऱ्यांपासून सगळे एकाच चर्चचे. ख्रिस्ती घरातून ख्रिस्ती घरात जायचं, दोन्हीकडे मराठीच बोलतात, मग अडणार काय, असं वाटलं होतं. अडलं ते मराठीतच.

पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, “शनिवारी वडील येणार आहेत, प्रार्थनेला.” मी आनंदाने पप्पांना फोन लावला, कितीच्या गाडीने निघताय? पप्पांना पत्ताच नाही. शनिवारी दोन चष्मेवाले गृहस्थ आले, ते म्हणे मंडळीचे, म्हणजे चर्चचे, वडील. जेवायला बसताना प्रभूची प्रार्थना झाली. मी सवयीने ‘आमेन’ म्हणून चपातीला हात घातला, तर बाकीचे डोळे मिटून ‘कारण की राज्य, सामर्थ्य व गौरव’ म्हणतच होते. पुण्याच्या नणंदेने विचारलं, “वहिनी, तुझा नवा जन्म कधी झाला?” मी आधी वाढदिवस सांगितला, मग स्नानसंस्काराची तारीख. दोन्ही चुकलं. कळस म्हणजे एका सकाळी सासूबाई जड आवाजात म्हणाल्या, “सोलापूरच्या आत्या पहाटे प्रभूमध्ये निजल्या.” मी म्हटलं, “मग आत्ता नको उठवायला, दुपारी फोन करू.” नवरा उठून गॅलरीत गेला. रडायला गेला असं मला वाटलं. तो हसत होता.

आता पुढच्या महिन्यात महिला मंडळात मला साक्ष द्यायची आहे, म्हणजे देवाने माझ्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. नवऱ्याने लिहून दिली आहे, ‘मी जगाच्या अंधारात भटकत होते’ अशी सुरुवात. ताई, मी अंधारात कधी होते? मी वसईत बँकेत होते. शिवाय मंडळातल्या एका काकू म्हणाल्या, “प्रभूने तुझं ओझं माझ्या मनावर घातलंय.” मला भरून आलं. दोन दिवसांनी कळलं, ते ओझं म्हणजे संडे स्कूलचा लहान मुलांचा वर्ग, आणि तो दर रविवारी मी घ्यायचा आहे. मला नोकरी शोधायची आहे, रविवार तेवढा मोकळा हवा. नाही कसं म्हणू? अर्थ विचारला तर सासरच्यांचा अपमान होईल का? आणि साक्षीत बोलू काय?

– वसईची लेक

* * *

प्रिय लेकी,

सलाम. आधी आत्यांचं बघू, कारण तेच तुझ्या मनाला जास्त लागलेलं दिसतंय.

योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय काढ. येशू शिष्यांना सांगतो, आपला मित्र लाजर झोपला आहे. शिष्य म्हणतात, प्रभूजी, झोप लागली असेल तर बरा होईल की तो! मग येशूला उघड शब्दांत सांगावं लागतं, लाजर मेला आहे. म्हणजे तू जे त्या सकाळी केलंस, तेच शिष्यांनी खुद्द येशूच्या समोर केलं होतं, आणि त्यातल्या कुणालाही मंडळीतून काढलं नाही. नवऱ्याला हा अध्याय मोठ्याने वाचायला सांग. गॅलरीत नाही, टेबलावर.

नवा जन्मही तसाच. निकदेम हा इस्राएलचा मोठा गुरू, रात्री येशूला भेटायला आला. नव्याने जन्मलं पाहिजे असं ऐकल्यावर त्याने काय विचारलं? म्हाताऱ्या माणसाने आईच्या पोटात परत जायचं कसं? तू निदान वाढदिवस सांगितलास. आणखी एकदा येशूने परूशांच्या, म्हणजे कर्मठ यहुदी पंथाच्या, खमिरापासून (शिकवणीपासून) सांभाळा म्हटलं, तर शिष्य आपसात कुजबुजू लागले, आपण भाकरी आणायला विसरलो म्हणून रागावले वाटतं. शुभवर्तमानं वाचताना मला नेहमी वाटतं, त्यात धर्मभाषा न कळणाऱ्यांचीच गर्दी जास्त आहे, आणि ज्यांना ती पक्की येत होती ते शास्त्री-परूशी बहुतेक वेळा बोलणीच खाताना दिसतात.

तेव्हा अर्थ विचारायला लाजू नकोस. मात्र विचारायची जागा निवड. भर पंक्तीत ‘म्हणजे काय?’ म्हटलंस तर सासूबाईंना वाटेल सून परीक्षा घेते आहे. भाजी निवडताना विचारलंस तर त्या तासभर सांगत बसतील, कारण या शब्दांबद्दल आजवर त्यांना कुणी काही विचारलेलंच नाही. त्यांना ते शब्द वाटतच नाहीत.

आता हे शब्द असे का, ते थोडं सांगते. मला या विषयात रस आहे म्हणून जरा लांबेल.

अमेरिकन मराठी मिशनची माणसं 1813 साली मुंबईत उतरली आणि 1831 मध्ये तुझ्या नगरात आली. बायबल मराठीत आणायचं तर शब्द हवेत. ते त्यांनी आणि त्यांच्या पंडितांनी त्या काळच्या चालत्या मराठीतून उचलले. विश्वासणाऱ्यांचा समुदाय म्हणजे मंडळी. हा काही देवघरातला शब्द नव्हता. किर्लोस्कर नाटक मंडळी 1880 साली निघाली तेव्हा त्यांनीही तोच घेतला. जुन्या पिढीतला माणूस बायकोलाही ‘आमची मंडळी’ म्हणायचा, त्यामुळे ‘मंडळीत वाद आहे’ हे वाक्य ऐकून कुणाचा, ते विचारून घ्यावं लागे. मंडळीतले जाणते ते वडील. शिकवण पटवायला सांगितलेली गोष्ट म्हणजे दाखला. आपण अजूनही ‘दाखला देतो’ तो याच अर्थाने. बाहेरच्या मराठीत दाखला म्हटलं की आता शाळेचं ऑफिस आणि तहसील कचेरीच आठवते. चर्चमधला मात्र होता तिथेच राहिला. म्हणून रविवारी ‘उधळ्या पुत्राचा दाखला’ म्हटलं की नव्या माणसाला वाटतं, पोराचं शाळेतून नाव काढलं की काय.

म्हणजे आज जे शब्द तुला कोड्यासारखे वाटतात, ते एके काळी सगळ्यांना कळावेत म्हणून घेतलेले होते. हे मला फार गमतीचं वाटतं. आणि यात धडपड करणारे अमेरिकन मिशनरीच होते असं नाही. त्याच्या दोनशे वर्षं आधी, 1616 साली, गोव्यात थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्वीट पाद्रीने ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत छापली आणि स्वर्गाला सरळ वैकुंठ म्हटलं, कारण ऐकणाऱ्यांच्या तोंडी तोच शब्द होता. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून, हिब्रू आणि ग्रीक शिकून, अख्खं बायबल पुन्हा मराठीत आणलं ते कशासाठी? खेड्यातल्या, कमी शिकलेल्या बाईलाही वाचून कळावं म्हणून. 1922 साली त्या गेल्या, त्याआधी काम पुरं केलं. पुस्तक 1924 मध्ये त्यांच्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. नगरहून रेल्वेने पुण्याला येताना दौंड सोडलं की केडगाव लागतं. पुढच्या वेळी सासूबाई बरोबर असतील तर विषय काढ, प्रवास कसा संपला कळणार नाही.

तुझ्या घरात माझ्या हिशेबाने तीन चर्च-भाषा चालतात, त्या वेगळ्या ओळख.

सासूबाईंची भाषा बायबलची आणि ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाची. त्यात ‘भाराक्रांत’ असतं, ‘आम्हांस’ असतं, ‘मानितो’ आणि ‘अर्पितो’ असतं. तू पाहिलं असशील, त्याच बाई स्वयंपाकघरात “पोह्यात मीठ विसरलीस का गं?” म्हणतात आणि डोळे मिटताच “हे दयाळू स्वर्गीय बापा, तू आम्हांस पुरविलेल्या या अन्नाबद्दल आम्ही तुझे उपकार मानितो” असं सुरू होतं. यात ढोंग नाही. त्यांच्या आईने त्यांच्या कानात प्रार्थना याच मराठीत घातली. टिळकांची भजनं त्यांना तोंडपाठ असतील. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नंतर अभंग, कीर्तन असं सगळं घेऊन ते चर्चमध्ये शिरले. तुला चालीवर गाता येत असेल तर एक भजन शिकून घे. ‘कारण की राज्य’ चुकलेलं त्या तिथल्या तिथे विसरतील. (त्याचं एवढं मनावर घेऊ नकोस. प्रभूच्या प्रार्थनेत कॅथलिक एका ओळीवर थांबतात आणि प्रोटेस्टंट पुढे जातात. मिश्र लग्नाच्या प्रत्येक पंगतीत कुणाचा तरी हात चपातीवर अडकतो.)

नवऱ्याची भाषा कमिटीची. पास्टरेट कमिटी (चर्चचा कारभार पाहणारी), सभा, ठराव, वार्षिक अहवाल. आईकडून आलेले शब्द तो लिहिताना वापरतो, बोलताना नाही. म्हणून तर त्याने लिहिलेली साक्ष अहवालासारखी झाली असणार.

आणि नणंदेची भाषा पुण्याच्या फेलोशिपची, म्हणजे नव्या धाटणीच्या प्रार्थनागटाची. तिथे वर्शिप असतं, अनॉइंटिंग असतं, ब्रेकथ्रू येतो, आणि माणूस बरा किंवा वाईट नसतो, तो ‘ब्लेस्ड’ असतो किंवा ‘एका सीझनमधून’ जात असतो. “कशी आहेस?” विचारल्यावर “ब्लेस्ड!” असं उत्तर आलं की पुढे सर्दी-खोकल्याची चौकशी करायची सोयच राहत नाही. ‘प्रेझ द लॉर्ड, हालेलूया!’ हे एका दमात म्हणणारे पुष्कळ. हालेलूयाचा अर्थ ‘परमेश्वराची स्तुती करा’ हाच आहे, तेव्हा ते एकच गोष्ट दोन भाषांत सांगतात. देवाला चालत असावं. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर तुला द्यावंच लागेल, कारण ती पुन्हा विचारणार. तिच्या लेखी नवा जन्म म्हणजे माणसाने स्वतः समजून-उमजून येशूला जीवन दिलं तो क्षण, आणि तिला तारीख हवी असते. तुझ्याकडे तारीख नसेल तर नाही म्हण. “ताई, मला आठवतं तेव्हापासून मी त्याच्यावर विश्वास ठेवते” हे पूर्ण उत्तर आहे. त्यावर वाद घालायचा असेल तर तिला घालू दे. तू चहा ठेव.

एक मात्र बोलून घेते, तुझा राग आला तरी चालेल. तुला वाटतंय की साधं मराठी तू बोलतेस आणि हे लोक विचित्र. तुझंच पत्र बघ. ‘स्नानसंस्कार’ हा शब्द तू किती सहज लिहून गेलीस! सासूबाईंसाठी तो बाप्तिस्मा. वसईत तुम्ही चर्चच्या हद्दीला धर्मग्राम म्हणता, बिशपांच्या हद्दीला धर्मप्रांत. नगरच्या माणसाला धर्मग्राम हे एखाद्या आश्रमाचं नाव वाटेल. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), फेस्त (चर्चचा सण), नोवेना (नऊ दिवसांची प्रार्थना) हे तुला पाण्यासारखं वाटतं, कारण वसईत पोर्तुगीज 1534 ते 1739 असे दोन शतकं राहिले आणि त्यांचे शब्द तुमच्या जेवणाखाण्यातही मुरले. नाताळ आणि पाद्री तर सगळ्या महाराष्ट्रानेच घेतले. शिवाय तुझ्या आजीला विचार, तिच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची. दुसरी व्हॅटिकन परिषद 1962 ते 65 भरली, त्यानंतर लोकभाषा आली. त्याआधी आजी न कळणाऱ्या भाषेत बिनचूक उत्तरं देत होती. तुझ्या सासूबाईंचं तुला न कळणारं बोलणं निदान मराठी तरी आहे.

म्हणून माझी सूचना अशी की पुढच्या फेस्ताला सासूबाईंना वसईला घेऊन जा. त्यांना वेशीपासून इगर्जीपर्यंत (चर्चपर्यंत) सगळं विचारू दे. एका दिवसात तुमची बरोबरी होईल, आणि तुझ्या पप्पांनाही कळेल की नगरचे ‘वडील’ कोण.

आता काकूंच्या ओझ्याकडे येते. इथे माझा सूर थोडा बदलतो.

वर सांगितलेले शब्द निरुपद्रवी आहेत. मंडळी, दाखला, प्रभूमध्ये निजणं यांनी कुणाचं नुकसान होत नाही. (निजण्यात तर मला मायाही दिसते. आपण कैलासवासी लिहू शकत नाही, ख्रिस्तवासी लिहितो. पण बाईने बाईला बातमी सांगताना ‘निजल्या’ हाच शब्द बरा.) पण चर्चमध्ये काही शब्द असे आहेत, ज्यांचं काम अर्थ सांगणं हे नसतं. साधं वाक्य बोलायचं टाळायचं असलं की ते बाहेर काढतात.

‘प्रार्थनेचा विषय’ घे. “एक प्रार्थनेचा विषय आहे, कुणाला सांगू नका हं,” असं म्हणून जे पुढे येतं त्यात प्रार्थना शेवटच्या ओळीत असते आणि त्याआधी शेजारच्या घराचा अख्खा पंचनामा. कुणाचा मुलगा कुणाबरोबर दिसला, कुणाची नोकरी कशी गेली. महिला मंडळात हे ऐकशील. मान हलव, प्रार्थना कर, पण स्वतःचं काही त्यात घालू नकोस. ‘मी प्रार्थना करते’ याचे मला आजवर तीन अर्थ कळलेत: खरोखर करते, नाही म्हणायचं धाडस नाही, आणि मला आता जायचंय. आवाजावरून ओळखावं लागतं. ‘प्रभूच्या वेळेची वाट पाहूया’ हे कमिटीत ऐकलंस तर समज, पैसे नाहीत किंवा खजिनदार गावाला गेलेत. ‘बंधू फार आवेशी आहेत’ म्हणजे ते माईक सोडत नाहीत.

आणि ओझं. मूळ कल्पना सुंदर आहे: कुणासाठी किंवा कशासाठी तरी मन सारखं जड होतं, ते देवाकडूनच असेल असं वाटतं, आणि माणूस स्वतः उठून कामाला लागतो. म्हणजे ज्याच्या मनावर ओझं, त्याने ते उचलायचं. काकूंच्या वाक्यात ओझं त्यांच्या मनावर आलं आणि वर्ग तुझ्या डोक्यावर गेला. मध्ये देवाचं नाव घातल्याने तुला नाही म्हणणं म्हणजे देवाला नाही म्हणणं वाटायला लागलं. काकू वाईट नाहीत. त्यांना शिक्षिका मिळत नाहीये, मागच्या चौघींनी नकार दिला असेल, आणि ‘बाई, मला मदत हवी, येशील का?’ असं उघड विचारायची त्यांना सवय नाही. पण त्या सवयीची किंमत तू का भरायचीस?

येशूचं या बाबतीत सरळ सांगणं आहे: तुमचं बोलणं होय तर होय आणि नाही तर नाही, एवढंच असावं. त्याने ‘प्रार्थना करून सांगतो’ असा तिसरा पर्याय ठेवलेला नाही. तेव्हा काकूंना घरी जाऊन भेट. फोनवर नको, आणि ग्रुपवर तर मुळीच नको. असं म्हण: “काकू, तुम्ही माझा विचार केलात, बरं वाटलं. दर रविवारचा वर्ग मला जमणार नाही. नोकरी लागेपर्यंत तरी नाही. नाताळच्या कार्यक्रमात मुलांची नाटिका बसवायची असेल तर मी करीन.” नाटिका नसेल आवडत तर दुसरं काही सुचव, पण जे खरंच करशील तेच. आणि पुढे थांब. कारणांची माळ लावू नकोस. प्रत्येक कारणाला काकूंकडे एक वचन तयार असेल. त्यांचं पाठांतर तुझ्यापेक्षा जास्त आहे. त्या म्हणाल्याच, “प्रभूला विचारलंस का?” तर “हो, विचारलं” म्हण. अर्थात आधी खरोखर विचार. मी काही तुला खोटं बोलायला शिकवत नाही.

राहिली साक्ष.

नवऱ्याने लिहिलेला कागद फाडू नकोस, बिचाऱ्याने प्रेमाने लिहिलाय. पण वाचूही नकोस. साक्ष म्हणजे कोर्टातल्यासारखंच: जे पाहिलं, जे घडलं, ते सांगायचं. मंडळींमध्ये मात्र साक्षीचा एक साचा पडून गेलाय. आधी घोर अंधार, मग एक रात्र, मग लख्ख प्रकाश. ज्याच्या आयुष्यात तसं खरंच घडलं त्याच्या तोंडून ते ऐकताना अंगावर काटा येतो. ज्याच्या आयुष्यात नाही घडलं, तो अंधार उसना आणतो. दारू न पिणारा माणूस साक्षीपुरता दारुडा होतो. तू वसईत बँकेत होतीस, सकाळच्या लोकलला लोंबकळत होतीस, रविवारी मिस्सेला जात होतीस. याला अंधार म्हटलंस तर तुझ्या आईवडिलांनी काय समजायचं? आणि त्या दिवशी मंडळात बसलेल्या एकीला जरी वसईची माणसं ठाऊक असली तरी तिला हसू येईल.

पौलाने करिंथकरांना लिहिलं होतं, अनोळखी भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा मी मंडळीत समजून पाच शब्द बोलेन. तुला पाचपेक्षा थोडे जास्त लागतील, पण तीन-चार मिनिटांपलीकडे जाऊ नकोस. मी तुझ्या जागी असते तर साधारण असं बोलले असते: माझ्या आईवडिलांनी मला प्रार्थना करायला शिकवलं. घरी रोज संध्याकाळी जपमाळ व्हायची, कधी कंटाळाही यायचा. लग्न करून इथे आले, सगळं नवीन होतं, पहिले दोन महिने रात्री रडूही आलं. तेव्हा या घरात मला कुणी परकं मानलं नाही. यात मला देव दिसला. एवढंच सांगायचं होतं. मग जो प्रसंग खरा असेल तो एक घाल. सासूबाईंनी आजारपणात काही केलं असेल, नवऱ्याने एखाद्या दिवशी तुझी बाजू घेतली असेल. एकच, पण नीट सांग. काय केलं, कोणत्या शब्दांत बोलले, सगळं. जपमाळेचा उल्लेख करावा की नाही असा प्रश्न पडेल. कर. प्रोटेस्टंट बायका आहेत, भुवई एखादी वर जाईल, पण ती तुझी खरी गोष्ट आहे आणि तू ती त्यांना घ्यायला लावत नाहीस.

आत्यांचा किस्सा साक्षीत सांगावासा वाटेल, कारण त्यावर सगळ्या हसतील हे नक्की. पण मृत्यू घरातला आहे. आधी सासूबाईंना विचार. त्या हो म्हणाल्या तर लाजराच्या अध्यायासकट सांग. मग ती करमणूक न राहता चांगला छोटा संदेश होईल, आणि पाळकसाहेब पुढच्या महिन्यात तो उपदेशात वापरतील, तुझं नाव न घेता.

दोन बारीकसारीक गोष्टी, कारण तू पत्रात विचारल्या नाहीस पण लवकरच अडशील. प्रीतिभोजनाला (सगळ्यांनी मिळून जेवायचं) डबा न्यायचा असतो, प्रभूभोजनाला (उपासनेतला भाकरी आणि द्राक्षारसाचा विधी) नाही. दोन्ही नावं एका आठवड्याच्या पत्रिकेत आली की घाईत गोंधळ होतो. (प्रभूभोजन तू घ्यावंस की नाही, तो तुझा, वसईच्या फादरांचा आणि पाळकसाहेबांचा विषय. मी त्यात पडत नाही.) आणि उपास-प्रार्थना असेल त्या दिवशी साबुदाणा भिजवू नकोस. तिथे उपास म्हणजे काहीच खायचं नाही. दुपारी प्रार्थना संपली की मात्र व्यवस्थित जेवण असतं, आणि त्यासाठी आदल्या रात्री कांदे चिरायला तुलाच बोलावतील.

व्हॉट्सॲपवर चर्चच्या ग्रुपमध्ये तुला एव्हाना घातलं असेलच. ‘पीटीएल’ म्हणजे प्रेझ द लॉर्ड, ‘जीबीयू’ म्हणजे गॉड ब्लेस यू. कशालाही ‘आमेन’ हे उत्तर चालतं, म्हणून सगळे न वाचताच ते टाकतात. तू तेवढं शेवटपर्यंत वाचत जा. आमेन म्हणजे ‘तसंच होवो’, आणि ‘मामांना डेंग्यू झाला आहे’ या निरोपाखाली ओळीने चाळीस आमेन मी स्वतः पाहिलेत.